वणव्याआधीची आग

शिमगा जवळ आला की खानापूर-जांबोटीकडचे डोंगर रात्री पेटलेले दिसू लागतात. चोर्ला घाटातून गोव्याला ये-जा करणाऱ्यांना आणि कणकुंबीच्या आसपास राहणाऱ्यांना डोंगरावरची ही लाल ओळ नवी नाही. तिच्यावरून होणारा वादही दरवर्षीचाच. एक जण म्हणतो, ‘अमेरिकेत सरकारच जंगल पेटवतं, मग आपल्या माणसानं डोंगराला काडी लावली तर एवढा गहजब कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘आग ती आग. जंगलात कुणीही लावली तरी ते पापच.’ दोघांचंही अर्धं बरोबर आहे. अमेरिकेतली सरकारी खाती खरोखरच दरवर्षी लाखो एकर जंगल मुद्दाम जाळतात, आणि त्यामागे पक्कं शास्त्र आहे. पण कुठलं जंगल, कुठल्या दिवसांत, किती वाऱ्यात, किती उंच ज्वाळेनं आणि कशासाठी, हे बाजूला ठेवून ते उदाहरण आपल्या डोंगरांना लावलं तर नुकसान आपलंच होईल. म्हणून ते शास्त्र मुळापासून समजून घेऊ.

हे शास्त्र मुख्यतः सूचिपर्णी झाडांच्या जंगलात घडलं. सूचिपर्णी म्हणजे पाइन, देवदार, फर, स्प्रूस अशी झाडं. त्यांना फुलं येत नाहीत, बी शंकूत धरतं, आणि बहुतेकांची पानं सुईसारखी असतात. आपल्या सह्याद्रीत पाइनची नैसर्गिक जंगलं नाहीत. रस्त्याकडेला किंवा समुद्रकाठी दिसणारं सुरूचं झाड पाइनसारखं वाटतं खरं, पण ते या कुळातलं नव्हे. तरीही बेळगाव भागात पाइनचं जंगल जवळून पाहिलेली माणसं पुष्कळ आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच. गावोगावी फौजेतून निवृत्त झालेले लोक आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी कुमाऊं, गढवाल, हिमाचल, जम्मूकडचे चीडचे उतार पायाखाली घातलेत. चीड हा हिमालयातला पाइन. उन्हाळ्यात त्याच्याखाली सुयांचा असा थर साठतो की उतारावर बूट ठरत नाही. तिकडं त्याला पिरूल म्हणतात. वणव्याची गोष्ट तिथूनच सुरू होते.

आपल्याकडच्या ऐन-किंजळीचा पाला पावसाळ्यात कुजून जातो. वाळवी, बुरशी, गांडुळं त्याचा फडशा पाडतात. पाइनच्या सुया मात्र सहजासहजी कुजत नाहीत. त्या चिवट असतात, त्यांच्यात राळ असते, आणि थंड-कोरड्या हवेत कुजवणारे जीव संथ असतात. वर त्या एकमेकींवर विस्कटून पडतात, त्यामुळे थरात हवा खेळती राहते. राळ, कोरडेपणा आणि हवा हे तिन्ही एका जागी आलं की एक ठिणगी पुरते. एक वर्ष आग आली नाही तर एका वर्षाच्या सुया साठतात. वीस वर्षं आली नाही तर सुयांबरोबर मोडलेल्या फांद्या, वाळलेली झुडपं आणि मोठ्या झाडांच्या सावलीत दाटीनं उगवलेली काडीसारखी रोपंही साठतात. जंगल तेवढंच दिसतं, पण त्यातलं जळण कित्येक पटींनी वाढलेलं असतं.

आग कशी वागेल हे तीन गोष्टींवर ठरतं: जळण, हवामान आणि चढ-उतार. यातली जमीन आपल्याला बदलता येत नाही आणि हवामानही बदलता येत नाही. हात घालता येतो तो फक्त जळणात. नियंत्रित जाळणीचं, म्हणजे जळण कमी करण्यासाठी ठरवून, आटोक्यात ठेवून लावलेल्या आगीचं, सगळं शास्त्र या एका वाक्यातून निघालेलं आहे.

जळणाची जाडी महत्त्वाची असते. वाळकं गवत, सुया, सहा मिलिमीटरपर्यंतच्या काड्या तासाभरात हवेतला ओलावा घेतात किंवा सोडतात. मनगटाएवढ्या फांद्यांना त्यासाठी काही दिवस लागतात, आणि पडलेल्या ओंडक्यांना आठवडे. म्हणून सकाळी दवानं न पेटणारं गवत दुपारी दोन वाजता बारुदासारखं होतं, आतला ओंडका मात्र अजून ओलाच असतो. निपाणी-चिकोडीकडच्या ऊस शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तेच पाचट, तेच रान. पहाटे पेटवलं तर नुसतं धुमसत राहतं, आणि भर दुपारी वारा सुटल्यावर पेटवलं तर शेजाऱ्याच्या उभ्या फडात शिरतं. (पाचट जाळूच नये, कुजवावं, असं माझं ठाम मत आहे, पण तो वेगळा विषय.) जंगलातही वेळ निवडणारा आगीचा स्वभाव निवडत असतो.

चढाचा हिशोब आणखी कडक आहे. आगीची ज्वाळा चढाकडे झुकते, वरचं जळण आधीच तापवते, सुकवते, आणि मग त्यावर झेप घेते. ढोबळ नियम असा की चढ १० अंशांनी वाढला की वर जाणाऱ्या आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. २० अंशांच्या चढावर चौपट. ११ मार्च २०१८ ला तमिळनाडूत थेनी जिल्ह्यातल्या कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकिंगला गेलेली माणसं अशाच गवताळ उतारांवर वणव्यात सापडली आणि २३ जणांचा जीव गेला. वणवा खालून येत असताना डोंगरावर वर पळणं म्हणजे आगीशी तिच्या सगळ्यात आवडत्या वाटेवर शर्यत लावणं. ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपनं पाठ करून ठेवावी.

जमिनीवरची आग आणि शेंड्याची आग यांतला फरक समजला की पुढचं सगळं सोपं होतं. जमिनीवरची आग गुडघ्या-मांडीएवढ्या ज्वाळेनं पालापाचोळा खात सरकते. मोठ्या पाइनची जाड साल तिला दाद देत नाही. झाडाचा जिवंत थर सालीच्या आत असतो आणि तो ६० अंश सेल्सियसच्या आसपास मरतो. साल दुप्पट जाड असेल तर ती उष्णता आत पोचायला दुप्पट नव्हे, सुमारे चौपट वेळ लागतो. तोवर आग पुढं निघून गेलेली असते. पण खाली झुडपं, त्यांच्यावर कोवळी रोपं, त्यांच्यावर मोठ्या झाडांच्या खालच्या वाळक्या फांद्या अशी सलग चढण तयार झाली की आग पायरी-पायरीनं शेंड्यापर्यंत पोचते. या मधल्या जळणाला जाणकार शिडी म्हणतात. एकदा शेंडे पेटले की ती आग एका झाडाच्या शेंड्यावरून दुसऱ्याच्या शेंड्यावर वाऱ्यानं धावते, निखारे कोसभर पुढं फेकते, आणि मग ती माणसाच्या हातात राहत नाही. ज्वाळा साधारण सव्वा मीटरपर्यंत असेल तर फावडं-कोयता घेऊन माणूस तिच्यासमोर उभा राहू शकतो. अडीच मीटरच्या पुढं अवजड यंत्रंही हतबल होऊ लागतात.

हे सगळं अमेरिकेला फार महागात शिकावं लागलं. पश्चिम अमेरिकेत पाँडेरोसा नावाच्या पाइनची मोठी जंगलं आहेत. जुन्या झाडांच्या खोडांवरच्या जळक्या खुणा आणि वार्षिक वलयं मोजून असं दिसतं की त्यांच्यातल्या पुष्कळ जंगलांत पाच ते वीस वर्षांनी एकदा हलकी आग फिरून जायची. काही विजेनं लागायची, आणि पुष्कळ तिथले मूळ रहिवासी लावायचे. कॅलिफोर्नियातले युरोक, कारुक यांसारखे समाज टोपल्यांसाठी सरळ काड्या मिळाव्यात, ओकच्या फळांतली कीड जावी, हरणांना कोवळं गवत मिळावं, वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून ठरावीक जागी, ठरावीक दिवसांत जाळायचे. गोऱ्यांची सत्ता आल्यावर कॅलिफोर्नियानं १८५० मध्येच कायदा करून मूळ रहिवाशांच्या या आगींना गुन्हा ठरवलं.

मग १९१० चा ऑगस्ट आला. आयडाहो आणि मोंटाना भागात २० आणि २१ तारखेला वादळी वाऱ्यानं शेकडो छोट्या आगी एकवटल्या आणि दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. किमान ८५ माणसं मेली, त्यांतली बहुतेक आग विझवणारी. अमेरिकेचं वनखातं तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं होतं. त्या धक्क्यातून त्यानं एकच धडा घेतला: प्रत्येक आग विझवायची. १९३५ मध्ये तर नियमच झाला की आग दिसली की दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत ती आटोक्यात आलीच पाहिजे. १९४४ मध्ये टोपी घातलेल्या अस्वलाचं चित्र घेऊन देशभर प्रचार सुरू झाला. खातं आपल्या कामात तरबेज होतं, आणि घात तिथंच झाला. हलक्या आगी विझत गेल्या, जळण साठत गेलं, शिड्या उभ्या राहिल्या. पुढच्या पिढीच्या वाट्याला मग ज्या आगी आल्या त्या विझवता न येणाऱ्याच होत्या.

हे वेळीच ओळखणारी माणसंही होती. हॅरॉल्ड वीव्हर नावाच्या वनाधिकाऱ्यानं १९४३ मध्येच लेख लिहून सांगितलं की पाँडेरोसाच्या जंगलाला आग हवी आहे, आणि ती थांबवून आपण त्याला कमकुवत करतोय. त्याचं म्हणणं लोकांच्या पचनी पडायला पंचवीसेक वर्षं गेली. दरम्यान सिकोया राष्ट्रीय उद्यानात एक विचित्र गोष्ट संशोधकांच्या लक्षात आली. तीन-तीन हजार वर्षांचे अवाढव्य सिकोया वृक्ष उभे होते, पण त्यांच्याखाली त्यांची रोपं जवळजवळ दिसत नव्हती. सिकोयाचे शंकू आगीच्या उष्णतेनं सुकून उघडतात आणि बी राखेच्या उघड्या मातीत रुजतं. आग बंद, तर पाळणा बंद. १९६८ पासून तिथं मुद्दाम आग लावायला सुरुवात झाली, आणि रोपं परत दिसू लागली. पण झालेलं काम गरजेपेक्षा फार कमी होतं. २०२० च्या एका वणव्यातच मोठ्या सिकोयांपैकी १० ते १४ टक्के, म्हणजे ७,५०० ते १०,६०० झाडं मेली असा अंदाज आहे. दोन फूट जाड सालीची, हजारो वर्षं शेकडो आगी पचवलेली झाडं. हा आकडा वाचताना मला अजूनही पोटात खड्डा पडतो.

आता प्रत्यक्ष नियंत्रित जाळणी कशी करतात ते पाहू, कारण ‘सरकार जंगल पेटवतं’ या तीन शब्दांत ते मावत नाही.

काम काडी लावण्याच्या कितीतरी महिने आधी सुरू होतं. कुठला तुकडा, त्याच्या सीमा कुठल्या, त्यात किती जळण आहे, उतार कुठं आहे, शेजारी कुणाची घरं-बागा आहेत, धूर कुठल्या गावाकडे जाईल, हे सगळं लेखी आराखड्यात येतं. जाळण्याचं उद्दिष्टही त्यात लिहावं लागतं: एवढ्या सुया जळाव्यात, एवढी रोपं मरावीत, मोठ्या झाडांपैकी फार तर एवढीच दगावावीत. मग येते हवामानाची चौकट. हवेतली आर्द्रता अमुक ते अमुक टक्के, वारा अमुक दिशेनं आणि अमुक वेगाच्या आत, तापमान एवढ्याखाली, जळणातला ओलावा एवढा. खालची मर्यादा असते तशी वरचीही असते. फार ओलं असेल तर आग नीट लागत नाही, नुसता धूर होतो. फार कोरडं असेल तर हाताबाहेर जाते. सगळे आकडे चौकटीत बसतील तो दिवस येईपर्यंत थांबायचं. कधीकधी तो दिवस त्या वर्षी येतच नाही, आणि माणसं, गाड्या, पाणी सगळं तयार असूनही काम पुढं ढकलावं लागतं. या संयमालाच ते लोक कौशल्य मानतात.

त्या दिवशी आधी तुकड्याभोवतीची पट्टी पाहतात. ती माती उघडी होईपर्यंत साफ केलेली असते, किंवा रस्ता, ओढा यांचा आधार घेतलेला असतो. मग एका कोपऱ्यात छोटी चाचणी आग लावतात. ती अपेक्षेप्रमाणे वागली नाही तर विझवून घरी जायचं. बरोबर वागली तर वाऱ्याच्या उलट्या टोकाला, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूला, आणि उतार असेल तर माथ्यावर आधी पेटवतात. ही आग वाऱ्याविरुद्ध, उताराच्या खालच्या दिशेनं संथ सरकते आणि मागे जळून काळा झालेला रुंद पट्टा ठेवते. तो पट्टा हीच भिंत. मग हातात टपकत्या इंधनाची बत्ती घेतलेली माणसं ओळीनं थोड्याथोड्या अंतरावर आगीच्या पट्ट्या ओढत जातात. प्रत्येक पट्टीची आग आधीच्या काळ्या पट्ट्यापर्यंत धावते आणि तिथं जळण संपल्यानं विझते. पट्ट्यांमधलं अंतर कमी-जास्त करून ज्वाळेची उंची ठरवता येते, हे मला या सगळ्या पद्धतीतलं सगळ्यात देखणं तंत्र वाटतं. आगीला धावायला जागाच एवढी द्यायची की ती मोठी होण्याआधी संपेल.

काम तिथंही संपत नाही. सीमेजवळचे धुमसणारे ओंडके, कुजलेली बुंधं, मुळं उकरून, पाणी ओतून, हातानं चाचपून थंड करावी लागतात. यात हयगय झाली तर काय होतं ते न्यू मेक्सिको राज्यानं दोनदा पाहिलं. ४ मे २००० ला लावलेली नियंत्रित आग वाऱ्यानं निसटली आणि लॉस अलामोस शहरात शिरली. सुमारे ४०० कुटुंबं बेघर झाली. २०२२ मध्ये तर दोन चुका एकत्र आल्या. जानेवारीत जाळलेले फांद्यांचे ढीग बर्फाखाली एप्रिलपर्यंत आतून धुमसत राहिले आणि मग पेटले. ६ एप्रिलला दुसरीकडे लावलेली नियंत्रित आगही निसटली. दोन्ही मिळून ३ लाख ४१ हजार एकरांवर जंगल, कुरणं, घरं गेली. त्या राज्याच्या इतिहासातला तो सगळ्यात मोठा वणवा, आणि तो सरकारी खात्यानं स्वतः लावलेल्या आगींतून झाला. खात्यानं देशभरातली सगळी जाळणी ९० दिवस थांबवली आणि चौकशी केली. त्यांच्याच हिशोबानं ९९.८४ टक्के जाळण्या ठरल्याप्रमाणे होतात, म्हणजे हजारात दोनेक निसटतात. आकडा लहान आहे, पण ज्यांची घरं गेली त्यांना टक्केवारी सांगून काय उपयोग? धोका आहे हे लपवून नियंत्रित जाळणीचा पुरस्कार करणाऱ्यांवर माझा विश्वास बसत नाही.

दाटी झालेल्या जंगलात थेट आग लावणंही चुकीचं, कारण शिड्या आधीच उभ्या असतात. तिथं आधी बारीक झाडं तोडून विरळणी करतात आणि मग जाळतात. नुसती विरळणी करून फांद्या तिथंच टाकल्या तर उलट जळण वाढतं. २०२१ च्या उन्हाळ्यात ओरेगॉनमधल्या चार लाख एकरांवर पसरलेल्या एका वणव्यात असे तुकडे शेजारी-शेजारी पाहायला मिळाले: जिथं विरळणी आणि जाळणी दोन्ही झालं होतं तिथं आग शेंड्यावरून जमिनीवर उतरली आणि मोठी झाडं हिरवी राहिली. दक्षिणेकडच्या फ्लोरिडात तर दर दोन-तीन वर्षांनी त्याच तुकड्यात जाळणं ही रीतच आहे. तिथल्या एका पाइनचं रोप सुरुवातीची काही वर्षं गवताच्या झुबक्यासारखं बसून राहतं आणि लांब सुयांच्या आत आपला कोंब आगीपासून जपतं. त्या राज्यानं १९९० मध्ये त्यासाठी कायदा केला, प्रशिक्षित जाळणी-प्रमुखाची सोय केली, आणि तिथं दरवर्षी २० लाख एकरांच्या आसपास जाळायला परवानगी दिली जाते.

पण सगळे सूचिपर्णी असे नाहीत. स्प्रूस आणि फरची साल पातळ असते. लॉजपोल पाइनच्या जंगलात शे-दोनशे, कधी तीनशे वर्षांनी एकदाच प्रचंड आग येते आणि सगळं नव्यानं सुरू होतं. १९८८ मध्ये यलोस्टोन उद्यानाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग असाच आगीच्या कवेत आला. तिथं दर पाच वर्षांनी हलकी आग लावायला जाणं निसर्गाच्या चालीविरुद्ध होईल. आपल्या हिमालयातही चीड आग सोसतो, देवदाराला ती झेपत नाही. चीडच्या जंगलात हिवाळ्यात सुयांचा थर आलटूनपालटून जाळण्याची वनखात्याची पद्धत ब्रिटिश काळापासूनची. ती नीट झाली नाही, सुया गोळा झाल्या नाहीत आणि उन्हाळा लांबला की काय होतं ते उत्तराखंडात पुनःपुन्हा दिसतं. १३ जून २०२४ ला अल्मोड्याजवळच्या बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेल्या वनखात्याच्या पथकातली चार माणसं जागीच गेली. जीपमधून उतरून हातात झाडाच्या फांद्या घेऊन आगीवर जाणाऱ्या, तुटपुंज्या पगारावरच्या माणसांच्या जिवावर आपण जंगल राखतो, हे सत्य हिमालयात जेवढं खरं तेवढंच आपल्याकडेही.

आता आपल्या डोंगरांकडे येऊ. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, भीमगड अभयारण्य, तिथून जोयडा-दांडेलीपर्यंतचा पट्टा. इथं पाऊस प्रचंड पडतो आणि मग महिनोन्‌महिने थेंब पडत नाही. पानझडी जंगल, ओढ्याकाठी आणि दऱ्यांत सदाहरित जंगल, माथ्यावर गवताचे सडे, म्हणजे खडकाळ पठारं, असं मिश्र चित्र आहे. साग, ऐन यांसारखी झाडं अधूनमधूनची हलकी आग सोसतात, बुंध्यातून पुन्हा फुटतात. पण अंजनी, जांभूळ आणि दरीतल्या इतर सदाहरित झाडांची रोपं तिला तोंड देऊ शकत नाहीत. आग दरवर्षी सड्यावरून उतरून जंगलाच्या काठाला चाटत राहिली की काठ दरवर्षी थोडा मागे सरकतो. मोकळ्या झालेल्या जागेत रानमोडी आणि घाणेरी ही बाहेरून आलेली झुडपं घुसतात; ती वाळली की आणखी जळण होतं, आणि पुढची आग आणखी तापते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलून मरते, बांबूचं बेटही फुलून वाळतं. अशा वर्षी तर डोंगर म्हणजे रचलेली चिता असते.

शिवाय आपल्या आगींची वेळ बघा. त्या लागतात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, दुपारी, बहुतेक वेळा डोंगराच्या पायथ्याशी. म्हणजे सगळ्यात कोरडं जळण, सगळ्यात गरम वेळ आणि चढाची दिशा. नियंत्रित जाळणीचा आराखडा लिहिणारा माणूस ज्या तीन गोष्टी टाळण्यासाठी महिनोन्‌महिने थांबतो, त्या तिन्ही आपण एका काडीत जुळवून आणतो. याच काळात टिटवी, रातवा यांची अंडी जमिनीवर असतात. मार्च २०२३ मध्ये शेजारच्या गोव्यात, आपल्या भीमगडला लागून असलेल्या म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं आणून पाणी टाकावं लागलं. आग राज्याची हद्द पाहत नाही. सातेरी-केळबाईच्या देवराया इकडंही आहेत आणि तिकडंही.

‘जाळलं की गवत चांगलं येतं’ हा समज नीट तपासायला हवा. वाळका थर गेल्यामुळे कोवळे कोंब लवकर आणि ठळक दिसतात, हे खरं. पण जळताना गवतातलं नत्र हवेत उडून जातं. राखेत पालाश आणि चुना उरतो, आणि कणकुंबीसारख्या ठिकाणी पहिल्याच वळवाच्या सरीत तो उताराची माती घेऊन ओढ्यात जातो. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, तिचंच पाणी पुढं सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणात साठतं. डोंगरावरची माती धुतली जाते ती तिकडं गाळ होऊन बसते.

मग आग नकोच, हे उत्तर बरोबर? मला तसंही म्हणता येत नाही, आणि त्याचं कारण कर्नाटकातच आहे. बिळिगिरी रंगन बेट्टाच्या जंगलात सोलिग समाज राहतो. ते पूर्वी थंडी सरता सरता, पाला अजून पूर्ण वाळला नसताना हलकी आग लावायचे. कानडीत त्याला तरगु बेंकी म्हणतात, वाळक्या पाल्याची आग. १९७४ मध्ये अभयारण्य झालं आणि ही आग बंद झाली. सोलिगांचं म्हणणं आहे की त्यानंतर घाणेरी बेसुमार माजली, आवळ्यावरचं बांडगूळ वाढलं, आणि आता उन्हाळ्यात लागणारी आग पूर्वीपेक्षा कितीतरी तापट असते. या दाव्यावर संशोधकांनी अनेक वर्षं काम केलं आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही हे आता मान्य होतंय. कॅलिफोर्नियातल्या युरोकांची आणि सोलिगांची गोष्ट एकमेकींपासून हजारो मैलांवर घडली, पण तिचा सांगाडा तोच आहे. तरीही बिळिगिरी म्हणजे भीमगड नव्हे. तिथलं जंगल कोरडं, इथलं दमट. तिथली आग उचलून इथं लावणं म्हणजे फ्लोरिडाची रीत यलोस्टोनला लावण्यासारखं होईल.

आज इथं बिनधोक करता येण्यासारखं काम आहे ते जाळरेषेचं. डोंगर, रस्ता, काजूची बाग आणि राखीव जंगल यांच्या मध्ये काही मीटर रुंदीची पट्टी पाऊस सरल्यावर कापायची, आणि गवत अर्धवट ओलं असतानाच सकाळच्या थंडीत, माणसं दोन्ही बाजूला उभी करून ती जाळायची. वनखातं हे करतं, पण अनेकदा पैसे आणि माणसं हाती येईपर्यंत डोंगर पूर्ण वाळलेला असतो. डिसेंबर-जानेवारीत केलेली पट्टी आणि मार्चमध्ये केलेली पट्टी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सड्यावरचं गवत वैरणीसाठी कापून नेऊ देणं, गवळ्यांच्या म्हशींना ठरलेल्या भागात चरू देणं, रस्त्याकडेची रानमोडी मुळासकट काढणं हेही जळण कमी करणंच आहे, आणि त्यात धूर नाही. स्वतःहून डोंगराला काडी लावणं मात्र अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे आणि राखीव जंगलात कर्नाटक वन कायदा १९६३ प्रमाणे गुन्हा आहे. शास्त्राचा हवाला देऊन तो माफ होत नाही, व्हायलाही नको.

आग लागली हे कळण्याची एक सोय फार कमी लोकांना माहीत आहे. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून आगीचे ठिपके टिपते आणि मोबाइलवर इशारे पाठवते. तिच्या पोर्टलवर कुणालाही नोंदणी करता येते. उपग्रहाचा एक ठिपका साधारण पावणेचारशे मीटरचा, त्यामुळे दाट झाडीखालची छोटी आग निसटते, आणि उपग्रह काही सतत डोक्यावर नसतो. तरी ग्रामपंचायतीतल्या दोन-चार पोरांनी, ग्राम अरण्य समितीच्या सभासदांनी नोंदणी केली तर वनखात्याच्या वॉचरला फोन जायला लागणारा वेळ वाचतो. आग विझवायला जाणाऱ्यांनी सुती कपडे घालावेत, नायलॉन-पॉलिएस्टर कटाक्षानं टाळावं, ते अंगाला चिकटून जळतं. आगीच्या वरच्या बाजूला उभं राहू नये, आणि पळायची वाट आधी बघून ठेवावी. शक्यतो आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीकडे.

भीमगडसाठी नियंत्रित आगीचा विचार करायचाच असेल तर माझ्या मते तो सड्यावरच्या दोन-चार छोट्या तुकड्यांपासून व्हावा. एक तुकडा डिसेंबरात हलका जाळायचा, एक नुसता कापायचा, एक चराईला द्यायचा, एक तसाच सोडायचा, आणि गवत, रानमोडी, जंगलाच्या काठावरची रोपं, पक्ष्यांची घरटी यांची दरवर्षी मोजणी ठेवायची. फार खर्चाचं काम नाही. पण आठ-दहा वर्षं सलग चालवावं लागेल, अधिकाऱ्यांच्या बदल्या झाल्या तरी, आणि कुठला तुकडा निवडायचा हे ठरवताना त्या सड्यावर पिढ्यान्‌पिढ्या गुरं नेणारे गवळी पहिल्या बैठकीपासून तिथं बसलेले हवेत.